स्थळ स्वच्छ असावे

चष्म्यांच्या दुकानावरच्या त्या खोलीला खिडकी एकच होती, आणि तिच्यातून आकाशाची जेमतेम हातभर पट्टी दिसे. तीही समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीने अर्धी अडवलेली. वहिनीला त्याचे काही वाटत नसे. तिचे आकाश टेबलावर होते. दोन स्क्रीनवर पसरलेला नकाशा, आणि त्यावर प्रत्येक मोहिमेची एकेक रेघ: पार पडलेली हिरवी, चालू असलेली निळी, आणि अजून उडायची असलेली राखाडी, सांगायच्या आधीच विसरत चाललेल्या स्वप्नासारखी फिकट. ड्रोन कुठून सुटणार, किती उंचीवरून जाणार, कुठे वळणार, किती छायाचित्रे घेणार, हे सारे ती सॉफ्टवेअरमध्ये आधी मांडून ठेवी. चार वर्षांत तिने शेकडो उड्डाणे घडवली होती आणि त्यांपैकी एकही डोळ्यांनी पाहिले नव्हते.

पाहायला नणंद होती. नवऱ्याची ही धाकटी बहीण म्हणजे कंपनीची एकमेव वैमानिक. आणि कंपनी म्हणजे या दोघीच.

आज नणंद दीड तासावरच्या मिठागरात उभी होती. फोन टेबलावर उताणा पडून बोलत होता.

"वन्सं, बेचाळीसपैकी एकेचाळीस खुणा झाल्यात. एक राहिलीय," वहिनी उड्डाणाआधीच्या तपासणीची यादी बघत म्हणाली.

"आता कोणती?"

"सव्विसावी. पाणी प्यायलीस का?"

"वहिनी, ही यादी ड्रोनची आहे की माझी?"

"वैमानिक उन्हात चक्कर येऊन पडली की ड्रोनही पडतं. पी."

फोनमधून घटाघटा आवाज आला. गरजेपेक्षा बराच मोठा. "ऐकलंस? की पुरावा म्हणून फोटो पाठवू?"

"फोटोच पाठव."

दोघी एकमेकींशी भांडणाच्या स्वरात बोलत, आणि त्या स्वराची दोघींना इतकी सवय झाली होती की खरे भांडण कुठे सुरू होते हे त्यांनाही ओळखता येत नसे. ते खरे भांडण आज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर येऊन बसले होते. नणंदेने बशीशेजारी एक पत्र ठेवले. दूरच्या शहरातली मोठी कंपनी, चाळीस वैमानिक, आणि उद्या संध्याकाळी पाचपर्यंत होय किंवा नाही.

"मिठागराचं काम जमलं तर दर महिन्याची मोजणी आपली," ती म्हणाली होती. "मग मी कुठे जात नाही. नाही जमलं, तर दोघींना पुरेल इतकं काम नाही, हे तुलाही माहितेय. शिवाय..." इथे ती थांबली आणि पावाला उगाचच लोणी लावत राहिली. "तिथे निदान मी वैमानिक असेन. इथे मी तुझ्या स्क्रीनवरची सोंगटी आहे."

वहिनीचा नवरा दोन देशांच्या सीमेवरच्या खेड्यासारखा गप्प बसला होता. चहा संपवून "मला उशीर होतोय" म्हणत तो सुट्टीच्या दिवशी कामाला निघून गेला.

सोंगटी हा शब्द वहिनीच्या मनात कुसळासारखा रुतून बसला होता. कारण तो पूर्णपणे खोटा नव्हता. यादीतला प्रत्येक नियम एकेका जखमेची खूण होता. नववा, कॅमेऱ्याचे झाकण काढावे: नणंदेने एक अख्खी शाळा काळोखात टिपली होती त्यानंतरचा. अकरावा, उड्डाण सकाळी अकरा ते दुपारी एक याच वेळेत: एका बांधकामावर संध्याकाळच्या लांब सावल्या खड्डे म्हणून मोजल्या गेल्या, त्यानंतरचा. सतरावा, स्थळ स्वच्छ असावे: गोदामाच्या छपरावर वामकुक्षी घेणारा रंगारी नकाशात पावणेदोन मीटर लांबीचा उंचवटा म्हणून नोंदला गेला, त्यानंतरचा. अकराव्या नियमाला तर वहिनीने कुलूपच घातले होते. त्या दोन तासांबाहेर ड्रोनचे पंखे फिरतच नसत. अपवाद हवा असेल तर वैमानिकाने अर्ज करायचा, कारण लिहायचे, आणि वहिनीने मंजुरी द्यायची. नणंदेने आजवर सदतीस अर्ज केले होते. सदतीसही नामंजूर.

"बेचाळीस," वहिनी म्हणाली. "सोड."

"सोडते तुझ्या कार्टीला," नणंद म्हणाली. ड्रोनला ती कार्टीच म्हणे.

नकाशावर निळी रेघ उमलली. वारा नव्हता, ढग नव्हता, सूर्य बरोबर डोक्यावर होता. शाळेतल्या शहाण्या मुलीच्या वहीसारख्या सरळ ओळी एकामागून एक उमटत गेल्या. मिठाच्या अकरा राशी, सहाशे बारा छायाचित्रे, एकही चूक नाही. अशी देखणी मोहीम वहिनीच्या हातून याआधी झाली नव्हती. तिने स्वतःसाठी चहा केला आणि, कधी नव्हे ते, तो गरम असताना प्यायली.

छायाचित्रे तिच्यापर्यंत पोचायला दोन वाजले. पुढचे काम सॉफ्टवेअरचे. ते शेजारशेजारच्या दोन छायाचित्रांत एकच खूण शोधते, एखादा दगड, एखादी भेग, एखादा ओरखडा, आणि त्या खुणेला धरून चित्राला चित्र शिवत जाते. शिवण पुरी झाली की जमिनीचा उंचसखल आकार उभा राहतो आणि राशीत किती मीठ आहे ते कळते. वहिनीने बटण दाबले. वीस मिनिटांनी स्क्रीनवर जे आले ते पाहून तिने आधी चष्मा पुसला, मग स्क्रीन पुसला.

नकाशा नव्हताच. राखाडी पोकळीत पाच काळ्यापांढऱ्या चौकटी तरंगत होत्या. जागेचे कोपरे कळावेत म्हणून नणंदेने ठेवलेल्या पाट्या. त्यांच्यामध्ये राशींच्या ऐवजी फाटक्या कडा. खाली एक ओळ: समान खुणा आढळल्या नाहीत.

तिने छायाचित्रे उघडली. दोनशे चौदावे पांढरे होते. दोनशे पंधरावे पांढरे. तीनशे नव्वदावे त्याच पांढऱ्याचे पुन्हा एकदा काढलेले चित्र. एखाद्या दिवशी काहीही घडू नये, आणि तरी त्याच्या सहाशे बारा आठवणी उराव्यात, तसे ते सारे होते. कुठे सुरुवात नाही, कुठे काठ नाही, बोट ठेवावे असे काही नाही.

तिने फोन लावला. "वन्सं, कॅमेऱ्याचं झाकण..."

"काढलं होतं. नवव्याला खूण केलीय बघ."

"मग हे सगळं पांढरं का आलंय?"

"मीठ आहे, वहिनी. पांढरंच असतं."

"इतकं? त्यावर काहीच कसं नाही? एक पाऊल नाही, फावड्याचा ओरखडा नाही... माणसं काम करतात ना तिथे?"

पलीकडे थोडी कुजबुज झाली आणि एक म्हातारा, खरखरीत, प्रसन्न आवाज आला. "बाई, नमस्कार. मी इथला मोजणीकाका. तुम्हीच लिहिलं होतंत की."

"मी?"

"वाचून दाखवतो. 'स्थळ स्वच्छ असावे. राशींवर व आसपास कोणतीही खूण, वस्तू, माणूस अथवा पायठसा असू नये.' दोन दिवस पाच माणसं लावली बाई आम्ही. वरची ओबडधोबड कडासुद्धा फावड्याच्या पाठीनं दाबून गुळगुळीत केली. आमचीच पावलं पुसत पुसत उलटे चालत बाहेर आलो. माझ्या रेघाही पुसल्या."

"कसल्या रेघा?"

"मोजणीच्या. एकतीस वर्षं ओढतोय. पण तुमचं पत्र आलं, म्हटलं नव्या मोजणीला नवी शिस्त असेल."

वहिनीने कपाळाला हात लावला. यादी तिने घरांसाठी, छपरांसाठी, पटांगणांसाठी लिहिली होती, आणि सवयीने जशीच्या तशी मिठालाही पाठवून दिली होती. जगातली सगळ्यांत कोरी जागा तिने माणसे लावून आणखी कोरी करून घेतली होती. वर, सगळ्या सावल्या मरतात तीच वेळ निवडून!

"भर दुपारी मिठाकडे आम्ही बघतच नाही," काका पुढे सांगत होते. "दुपारी ते आंधळं करतं. सकाळचं तिरकं ऊन हवं. मग कशी, प्रत्येक घडी दिसते."

नणंदेने फोन परत घेतला. तिच्या आवाजातली चेष्टा विझली होती. "उद्या नऊला मीठ ट्रकांत भरायला सुरुवात होतेय. त्यानंतर या राशी राहणार नाहीत. तुझी अकराची वेळ येईपर्यंत इथे मोजायला काही उरणार नाही, वहिनी." आणि मग, जवळजवळ मायेने: "राहू दे. तू काही मुद्दाम केलं नाहीस. मी संध्याकाळी त्या लोकांना कळवून टाकते."

"कुणालाही काही कळवू नकोस," वहिनी म्हणाली. "मी येतेय."

"तू? इथे? खुर्चीची परवानगी घेतलीस का?"

बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. रस्त्याशेजारून जाणारी कुंपणे, गोदामे, पेट्रोलपंप ती अनोळखी माणसाच्या घरात शिरल्यासारखी बघत होती. या सगळ्यांवरून तिच्या रेघा कधी ना कधी गेल्या होत्या. वरून तिला त्यांची लांबी-रुंदी पाठ होती. ती इतकी मळकट, इतकी गजबजलेली आणि इतकी जवळ असतील असे मात्र तिला कधी वाटले नव्हते.

मिठागर लागले तेव्हा साडेचार वाजले होते. उन्हाचा कोन कलला होता, आणि तिला काही सांगावे लागले नाही. दुपारी सहाशे बारा वेळा गप्प राहिलेले ते पांढरे आता बोलू लागले होते. एकेका राशीच्या अंगावर बारीक निळसर सावल्या उमटल्या होत्या, फावड्याच्या पाठीखालून सुटलेल्या लाटा, कुठे एखाद्या पक्ष्याची इवलीशी पावले. वाफ्यांमधल्या उथळ पाण्यात आकाश उलटे निजले होते, आणि वाऱ्याला मिठाची, ओल्या लाकडाची, उघड्या जागेची चव होती.

"बघून झालं असेल तर बूट घाल," नणंद म्हणाली आणि रबरी बुटांचा जोड तिच्यापुढे टाकला. "हे यादीत नाहीये. मी स्वतः आणलंय."

मोजणीकाका लाकडी खोक्यावर बसले होते. पाय सरळ समोर, डोक्यावर उन्हाने रंग उडालेली टोपी. शेजारी मिठागराच्या मॅनेजरबाई हातात वही घेऊन उभ्या होत्या. त्यांना नमस्कार-चमत्कारात रस नव्हता.

"मला उद्या बाराच्या आत अकरा राशींचे अकरा आकडे हवेत," त्या म्हणाल्या. "ते आकाशातून येऊ देत नाहीतर जमिनीतून."

"येतील," वहिनी म्हणाली, आणि काकांकडे वळली. "काका, तुमच्या रेघा कशा असतात?"

काकांनी हातातली काठी दाखवली. तिला हातभर उंचीवर एक खाच होती. राशीच्या पायथ्याशी काठी रोवायची, खाचेच्या उंचीवर दाताळ्याने रेघ धरायची आणि ती न सोडता राशीभोवती पुरी फेरी मारायची. मग त्या रेघेवर उभे राहून पुढची. शिखरापर्यंत. रिंगणे मोजायची, प्रत्येकाचा घेर पावलांनी मोजायचा, बाकीचा हिशेब डोक्यात.

"पण आता गुडघ्यांनी राजीनामा दिलाय," ते म्हणाले. "मी येत्या रविवारी देतोय. म्हणून तर तुमचं यंत्र हवंय मला. माझ्यामागे कुणाला यावर चढायला लागू नये. तुम्ही ते नाही जमवलंत, तर बाईसाहेब मला आणखी वर्षभर थांबवून घेतील."

"घेईनच," मॅनेजरबाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या.

"ऐकलंत?"

वहिनीने दाताळे उचलले. "वन्सं, काठी तू धर. काका खालून सांगतील."

पहिल्या राशीवर ती दोनदा घसरली. दुसऱ्या राशीवर नणंद घसरली आणि वहिनी इतकी हसली की तिसऱ्यांदा घसरली. काका खालून ओरडत होते, "डावीकडे! तुमची डावी नाही, राशीची डावी!" पाचव्या राशीपर्यंत दोघींच्या पायांना ती चाल कळली होती. पुढे काठी, मागे दाताळे. मिठाचा करकर आवाज, आणि मागे राहणारी एक गडद, न तुटणारी रेघ. राशीवरून उतरून त्यांनी मधल्या सपाट भागांवरही आडव्यातिडव्या रेघा ओढल्या, पावलांचे ठसे मुद्दाम खोल उमटवले. इतकी वर्षे जपलेला सतरावा नियम वहिनी स्वतःच्या टाचांनी मोडत होती, आणि तिला त्यात नको इतका आनंद होत होता.

अकराव्या राशीच्या माथ्यावर दोघी टेकल्या. सूर्य क्षितिजाला लागला होता. आज उडवायला तो पुरणार नव्हता.

"चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या जागी आलीस," नणंद म्हणाली.

"तुझी जागा इतकी घसरडी असते, हे कुणी सांगितलं नव्हतं."

"सांगितलं होतं. अर्जात. नामंजूर आलं."

दोघी हसल्या. खाली काका अकरा राशींकडे, एखाद्याने आपले जुने पत्र नव्या अक्षरात पाहावे तसे बघत होते.

"जाणार आहेस?" वहिनीने विचारले.

"तिथे मला नंबर मिळणारे. अठ्ठावीस बहुतेक."

"आणि इथे?"

"इथे मी वन्सं. तू चिडलीस तरीही." नणंदेने मिठाचा एक खडा उचलून दूर पाण्यात भिरकावला. "उद्या बघू."

त्या रात्री मिठागराच्या पाहुण्यांच्या खोलीत दोघींना दोन खाटा मिळाल्या, आणि अंग टेकताच दोघींनाही झोप लागली.

सकाळी सात वाजता ऊन जमिनीला घासत येत होते. प्रत्येक रेघेला स्वतःची सावली होती. अकरा राशी रात्रीतून कुणी विणून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. नणंदेने कार्टीला पाटावर ठेवले, बेचाळीस खुणा केल्या, पाणी प्यायली, फोटो काढून दाखवला, आणि बटण दाबले.

पंखे फिरले नाहीत. तिच्या हातातल्या स्क्रीनवर लाल अक्षरे आली: ही उड्डाणाची वेळ नाही.

कुलूप. रेघांच्या नादात दोघीही ते विसरल्या होत्या. नणंदेने अर्ज उघडला, अंगठ्याने दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. गाडीच्या बॉनेटवर उघडलेल्या वहिनीच्या लॅपटॉपवर तो अर्ज उमटला. अर्ज क्रमांक अडतीस. कारण: ऊन तिरके आहे आणि रेघा दिसत आहेत.

मंजूर करायला एक क्षण पुरला असता. पण वहिनीचे बोट अर्जांच्या यादीवरून वर सरकले. काही नेहमीचे होते, ते तिला आठवत होते: 'कारण आकाश छान आहे'. 'कारण मी इथे आहे आणि तू नाहीस'. तेवढेच लक्षात ठेवून ती चार वर्षे हसत आली होती. त्यांच्या अधूनमधून दुसरेच काही होते. 'कारण दुपारी तळ्याचे पाणी चमकते, तळ दिसत नाही.' 'कारण अकरानंतर इथे भट्टीचा धूर येतो.' 'कारण काच आहे, उन्हात सगळे पांढरे येईल.' हे तिने वाचले होते का? मोजले तर नऊ निघाले. नऊ वेळा जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने तिला जमीन कशी आहे ते सांगितले होते, आणि तिने खुर्चीतून वेळ सांगितली होती.

"वहिनी," नणंद म्हणाली, "कविता वाचतेयस का? ऊन वर येतंय."

वहिनीने मंजूर दाबले.

कार्टी गुणगुणली, थरथरली आणि उचलली गेली. वहिनी मान वर करून बघत राहिली. चार वर्षे जी निळी रेघ तिने ओढली होती, तिला आवाज असतो. ती वळते तेव्हा किंचित झुकते. यांतले काहीही सॉफ्टवेअरमध्ये दिसत नसे.

"कोणती बॅटरी लावलीस? दोन की तीन?"

"थोरल्या काकू."

"काय?"

"तुझ्या नोंदीत दोन. माझ्याकडे थोरल्या काकू. सावकाश पण खात्रीच्या. नंतर आत्याबाई लावणारे. त्या तिशीपर्यंत छान बोलतात आणि मग एकदम रुसतात."

मोजणीकाकांना हे नातेगोते फार आवडले. काकू उतरल्या, आत्याबाई चढल्या. शेवटच्या दोन ओळी उरल्या असताना यंत्राने टिंगटिंग केले: बॅटरी तीस टक्के, परत येत आहे. हाही वहिनीचाच नियम होता.

"एवढ्या दोन ओळी होऊन जातील!" नणंदेचा अंगठा रिमोटच्या दांडीवर गेला. "थांबवू हिला? साडेसात वाजून गेलेत."

वहिनीने वर पाहिले. खाली पाण्याचे वाफे चमकत होते. "नको. आत्याबाई रुसतात, हे तूच म्हणालीस. येऊ दे परत, तिसरी लाव."

नणंदेने क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिले आणि अंगठा काढला. कार्टी उतरेपर्यंत आत्याबाई चौदा टक्क्यांवर आल्या होत्या.

"बरं," नणंद पुटपुटली, "हा नियम राहू दे."

धाकट्या मावशीने उरलेल्या दोन ओळी चार मिनिटांत संपवल्या. आठ वाजून पाच मिनिटांनी छायाचित्रे लॅपटॉपवर होती. मग सगळ्यांनी मिळून वाट पाहिली, आणि अशा वेळी सगळेच जसे बोलतात तसे भलत्याच विषयांवर बोलले. मॅनेजरबाईंनी बूट कुठून घेतले ते सांगितले. काकांनी गुडघ्यांची कर्मकथा सांगितली. फाटकाबाहेर पहिला ट्रक येऊन उभा राहिला आणि त्याने हॉर्न वाजवला.

आठ पंचेचाळीसला स्क्रीनवर पहिली रास उगवली. आधी पायथ्याचे रिंगण, मग त्याच्यावरचे, मग त्याच्यावरचे. जणू कुणी अदृश्य माणूस दाताळे घेऊन प्रकाशातून वर चढत होता. मग दुसरी. मग तिसरी. शिवण कुठेही उसवली नाही. काका खोके ओढून इतके जवळ आले की त्यांच्या टोपीचा काठ स्क्रीनला लागला.

"सातव्या राशीवर नऊ रिंगणं," ते म्हणाले. "आणि नववं वाकडं आहे. कुणी ओढलं?"

वहिनीने नणंदेकडे बोट दाखवले. नणंदेने वहिनीकडे.

काकांनी टोपीच्या आतून घडी घातलेला कागद काढला. पुसण्याआधीच्या, स्वतःच्या रेघांवरून त्यांनी अकराही राशींचे अंदाज शिसपेन्सिलीने लिहून ठेवले होते. पत्रात तसे करू नका असे कुठे म्हटले नव्हते. वहिनी आकडा वाचे, काका कागदावर बोट सरकवत. पहिल्या दहा राशींत दोघांचे जमले, इतके की मॅनेजरबाईंनी वही बंद केली. अकरावीत यंत्राचा आकडा बराच कमी निघाला. काकांनी ती रास स्क्रीनवर फिरवायला लावली, मागची बाजू पुढे आणली, आणि एकाएकी खोक्यावर मांडी थोपटली.

"खड्डा! मागे खचलीय ती. तिथपर्यंत जायचं मी टाळतो हल्ली. यंत्र बरोबर आहे, बाईसाहेब. रविवारी मी मोकळा."

मॅनेजरबाईंनी फाटकाकडे हात केला आणि ट्रक आत येऊ लागले. "पुढच्या महिन्याची तारीख लावून घ्या," त्या वहिनीला म्हणाल्या. "दर महिन्याची लावा. फक्त पत्र पाठवाल ते आधी यांना दाखवा." त्यांनी मानेने नणंदेकडे खूण केली.

गाडीत बसल्यावर नणंदेने चाक हातात घेतले आणि वहिनीने लॅपटॉप मांडीवर. वहिनीने सतरावा नियम उघडला, बराच वेळ त्या तीन शब्दांकडे पाहिले आणि त्यांच्या जागी लिहिले: स्थळ कसे असावे, हे तिथल्या माणसाला विचारावे. मग अकराव्याकडे गेली. कुलूप तिने काढले नाही. त्याची दुसरी किल्ली केली.

रस्त्यातल्या पेट्रोलपंपावर गाडी थांबली तेव्हा नणंदेचा फोन वाजला. तिने वाचले: उड्डाणांना मंजुरी देण्याचा अधिकार आता आपल्यालाही आहे. ती फोन घेऊन गाडीतून उतरली आणि पंपाच्या पलीकडे, जिथे हवा भरायची नळी गुंडाळून ठेवली होती, तिथे पाठमोरी उभी राहून बराच वेळ काहीतरी लिहीत राहिली. वहिनी काचेतून तिच्या पाठीकडे बघत होती. साडेअकरा वाजले होते. पाच वाजायला अजून बराच अवकाश होता, आणि तरी तिला तो पुरेसा वाटेना.

लॅपटॉपवर टिंग झाले. अर्ज क्रमांक एकोणचाळीस.

विनंती: मोठ्या कंपनीला नाही कळवण्याबाबत. कारण: त्यांची यादी मागवून वाचली. एकशे दहा नियम आहेत. पाणी प्यायलीस का, असे एकातही विचारलेले नाही.

वहिनीने ते दोनदा वाचले. मग खिडकीची काच खाली केली.

"वन्सं," तिने हाक मारली, "आता तुझी तूच मंजुरी देऊ शकतेस!"

"माहितेय!" नणंद वळून ओरडली. "पण सवय लागलीय ना!"

वहिनीने मंजूर दाबले. मग खाली शेऱ्यासाठी जी रिकामी जागा असे, जिच्यात चार वर्षांत तिने एकदाही काही लिहिले नव्हते, तिथे लिहिले: ऊन फार आहे. फोटो पाठव.

नणंदेने पंपाच्या भिंतीला टेकून बाटली तोंडाला लावली, हात लांब धरून स्वतःचा फोटो काढला आणि पाठवला. फोटोत बाटली अर्धीच आली होती. हसू मात्र संपूर्ण होते.